दोघांची आंघोळ

"मठच हाय का नक्की? आधी बघून ये बाबा सूर्यवंशी. मला कुठं काय दिसायलंय," रेवणप्पा म्हणाले आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बूड टेकून बसले.

मागे एसटी एका अंगावर कलंडून उभी होती. माळाकोळीच्या पुढे तिचा पाटा तुटला होता. बाकीचे प्रवासी मिळेल त्या ट्रकवर चढून गेले. रेवणप्पांना ट्रकवर चढता येत नव्हतं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि नांदेडच्या डॉक्टरनं बजावलं होतं की गचका बसू द्यायचा नाही. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आला होता. सकाळच्या पहिल्या गाडीत बसवून देतो, तोवर कुठं तरी टेका, असं कंडक्टरनं सांगितलं आणि तोही बिडी पेटवून गाडीखाली झोपला.

रेवणप्पांचं लातूरला भुसार दुकान होतं. धाकट्या पोराला दुकान सोडवत नव्हतं, थोरला हैदराबादेत होता. म्हणून बापाला दवाखान्यात न्यायला, तिथं संडासला धरून बसवायला आणि परत आणायला भाडेकरू. आपल्याकडं भाडेकरू म्हणजे अर्धा गडीच. शेषेराव सूर्यवंशीनं कचेरीतून रजा काढली होती. अप्पांनी "येतोस का?" म्हटलं होतं, पण ते विचारणं नव्हतं.

शेषेराव कचेरीत टंकलेखक. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा फुटला तेव्हा टाइपरायटरांबरोबर त्यालाही इकडं पाठवलं. नव्या जिल्ह्याचे कागद छापून यायचे होते, तोवर जुन्याच कागदांवर 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' टाइप करायचं काम त्याच्याकडं होतं. एक नाव खोडून दुसरं टाकायचं, या कामाचा सरकार त्याला पगार देत होतं. घरी तेच काम तो फुकट करत होता.

घर शोधताना लातूरनं त्याला सगळं शिकवलं. आधी आडनाव विचारतात. सूर्यवंशी. हे मराठ्यातही असतं आणि आमच्यातही, म्हणून लोक तिथं थांबत नाहीत. मग गाव विचारतात. मग हसत हसत, पान लावता लावता विचारतात, "गावात घर कुठल्या अंगाला म्हणायचं तुमचं?" सुरुवातीला त्यानं खरं सांगितलं. खोली 'कालच दिली' असायची. असं दारोदार झाल्यावर सिंधू म्हणाली, "आता मला चालवत न्हाई." तिला तेव्हा नुकतेच दिवस राहिले होते. पुढच्या दारात शेषेराव म्हणाला, "वेशीच्या आत, मारोतीच्या देवळाला लागून." ते दार रेवणप्पांचं आणि त्यांच्या बायकोचं, महादेवीचं होतं. अंगणात आड होता आणि तीन वर्षांच्या दुष्काळातही त्याला पाणी होतं. साऱ्या गल्लीच्या बाया नळाला रात्र काढत होत्या आणि सिंधूला दारात घागर भरून मिळत होती. आता तिला आठवा महिना होता. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत लुगड्यांखाली होता. चौदा एप्रिलला दार लावून मेणबत्ती लावली आणि मेणाचा वास बाहेर जाईल म्हणून लगेच विझवली. हे असलं जगणं. याला लोक नोकरी लागली म्हणतात.

तर मठ बघायला शेषेराव पुढं गेला.

मठ नव्हता. हे त्याला लांबूनच कळलं होतं. वस्तीच्या तोंडाला बसकं सिमेंटचं बांधकाम, वर पत्रे, पुढं ओटा, आणि काठीवर एक झेंडा, उन्हानं इतका विटलेला की तो निळा होता हे माहीत असलेल्यालाच कळावं. बहुतेक घरांना कुलपं होती. उरलेल्या दारांत एखादं म्हातारं, एखादं लेकरू. ओट्यावर पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी झाडत होती.

"जयभीम बाबा," ती म्हणाली.

शेषेरावाचं तोंड उघडलं होतं. त्यात जो शब्द आला होता तो त्यानं गिळला आणि खोकला काढला. "रामराम माय."

म्हातारीनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रामराम," ती म्हणाली.

"गाडी मोडली आमची. संगं म्हातारे हायत, डोळ्याचं आप्रेशन झालंय त्यांचं. रातच्यापुरती जागा पायजे व्हती. आन् पाणी. तहानेनं बेजार हायत."

"कोन हायत?"

"वाणी. लिंगायत."

"मंग मारोतीच्या देवळात न्या की. गावात हाय, तिकडं टेकडीमागं."

"चालवत न्हाई त्यांना."

"मंग आना. बुद्धाच्या दारातून कुनाला हाकलायचं." तिनं झाडू भिंतीला टेकवला.

शेषेराव हलला नाही. "माय, त्यांना सांगू नका पण."

"काय?"

"हे काय हाय ते."

म्हातारीनं लुगड्याला हात पुसले. "आन् तू कोन?"

"मी मराठा."

हे तो किती सहज बोलला. थुंकी टाकावी तसं. लातूरात हे म्हणताना निदान छातीत काही तरी हलायचं. इथं बुद्धाच्या ओट्यापुढं, पांढऱ्या लुगड्यातल्या आपल्याच बाईपुढं, काही हललं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी झूट बोलनार न्हाई. पन कुनी इचारल्याबिगर सांगनार बी न्हाई. आन म्हाताऱ्याला."

तो परत आला आणि रेवणप्पांचा हात धरला. "मठच हाय अप्पा."

"कुन्या स्वामीचा?"

"पाटी पुसलीय. जुना हाय."

"शिवा शिवा," रेवणप्पा म्हणाले. "बघ, भुकेल्याला कसा दार दाखवतो तो."

आत वीज नव्हती. एक दिवा मिणमिणत होता आणि त्याच्या मागं मूर्ती मांडी घालून बसली होती. भिंतीवरचा फोटो अंधारात होता. रेवणप्पांनी उघडा डोळा बारीक केला, मान पुढं काढली. "ध्यानाला बसलेत. शिवयोगी दिसतात कुणी तरी." त्यांनी भिंत चाचपत जाऊन मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवलं. शेषेरावही गुडघ्यावर बसला. हात जोडले, कपाळ जमिनीला लावलं, उठला, पुन्हा लावलं, आणि तिसऱ्यांदा वाकताना त्याच्या ध्यानात आलं की हे तीनदा वाकणं कुणाचं असतं. तो अर्ध्यातच उठला. मागं दारात म्हातारी उभी होती.

पाणी तिनं तांब्यातून आणलं. कोपऱ्यात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता, वर लाकडी झाकण. रेवणप्पा घटाघटा प्यायले. नरड्यावरून, पांढऱ्या दाढीच्या खुंटांवरून पाणी ओघळलं. "गोड हाय गं बाई पाणी. लातूरात असलं मिळंना. आडाचं का?"

"टँकरचं हाय. टँकर गावच्या हिरीत वततो. गावाचं भरून झालं की आम्ही भरतो. ह्ये खडीवरच्या बायांसाठी झाकून ठिवलंय. समदी वस्ती रोजगार हमीवर हाय, सा दिसानं येत्यात. उद्या सकाळी यायच्या हायत."

"पुण्य करतीस," रेवणप्पा म्हणाले. 'आम्ही' कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी गळ्यातली चांदीची करडगी, इष्टलिंगाची डबी, काढली. लिंगायत माणूस संध्याकाळी लिंगपूजा केल्याशिवाय घास घेत नाही, आणि रेवणप्पा तर ऑपरेशनच्या टेबलावरूनही करडगी सोडायला तयार नव्हते. डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवलं. "वत," ते म्हणाले. शेषेरावानं रांजणातलं पाणी लिंगावर ओतलं. रेवणप्पांनी विभूती लावली, डोळा मिटला आणि तळव्यातलं तीर्थ जिभेनं चाटून घेतलं. दुकानात त्यांच्या गादीवर बसवण्णांचा मोठा फोटो होता, रोज ताजा हार असलेला. बसवण्णा जातीपातीबद्दल काय म्हणून गेले ते त्यांना पाठ होतं. पाठ होतं, बाकी काही नाही.

म्हातारीनं भाकर आणि पिठलं वाढलं. रेवणप्पांनी बोटं चाटली, ढेकर दिला, पुन्हा भाकर मागितली. "बाई, तुम्ही जंगम का? गुरूंच्या घरातल्या?"

"मी साखराबाई."

"मालक?"

"गेले. बहात्तरच्या दुष्काळात, पाझर तलावावर. दगड पडला."

"शिवाची मर्जी," रेवणप्पा म्हणाले आणि पिठल्याचा हात धोतराला पुसला.

जेवणं झाल्यावर साखराबाई मूर्तीपुढं बसली आणि हात जोडून पुटपुटू लागली. आवाज बारीक होता. नमो, भगवतो, एवढंच रेवणप्पांपर्यंत पोचलं असावं.

"संस्कृत म्हणायली," ते शेषेरावाच्या कानाशी म्हणाले. "वाणी किती शुद्ध हाय बघ. आपल्या बायांना येतं का असं? जंगमाच्याच घरात हे टिकलंय." त्यांच्या तोंडाला पिठल्याचा, कांद्याचा, न धुतलेल्या कवळीचा वास होता. पट्टीच्या कडेनं पिवळं पाणी झिरपून गालावर वाळलं होतं. "न्हाई तर लातूर बघ. जिल्हा काय झाला आन् गाव बाटलं. कुठून कुठून हापिसात लोक आले. सरकारचे जावई. खोली मागायला येतात, आडनावं अशी लावतात की कळू ने. पण मला कळतं."

"कसं अप्पा?"

"वासावरून," रेवणप्पा म्हणाले. "आता हसू नको. खरं सांगतो. त्यांच्या अंगाला एक वास असतो. कितीबी साबण लाव, जात न्हाई. दारात उभा राहिला की मला कळतं. तू आलास त्या दिवशी मी महादेवीला मनलो, ह्यो घरंदाज हाय, दे खोली."

शेषेराव "हूं" म्हणाला. दवाखान्यात आठ दिवस त्यानं या माणसाचं बेडपॅन उचललं होतं. नाकात अजून तो वास होता. पण त्याचं नाक कोण विचारतंय.

बोलता बोलता रेवणप्पा घोरू लागले. शेषेराव ओट्यावर येऊन बसला. वस्तीत अजून एकदोन चुली धुमसत होत्या. साखराबाई भांडं राखेनं घासत होती. पाणी न लावता, नुसती राख आणि फडकं.

"ओठ हलत व्हते तुजे," ती म्हणाली.

शेषेरावानं ओट्यावरची एक काडी उचलून मोडली.

"मी म्हनत व्हते तवा. सारं म्हनलास तू. शेवटपर्यंत."

"माय..."

"लाज वाटती?"

"लाज न्हाई माय. खोली." मग थांबून म्हणाला, "बायकोला आठवा लागलाय."

तिनं भांडं पालथं घातलं. "आन् बाबासाहेब? फोटो तरी हाय का घरात?"

"हाय. ट्रंकेत."

"ट्रंकेत," ती म्हणाली. "कोंडून ठिवलास म्हन की." तिनं हात झटकले. "माजा ल्योक बी असाच हाय. नांदेडात, बँकेत. इकडं येतच न्हाई. मी गेले तर शेजारनीला मला कामवाली म्हनून सांगितलं. मंग मी दोन दिस खरंच भांडी घासली त्याच्या घरी, त्याचं खोटं उघडं पडू ने म्हनून." ती हसली. हे हसण्यासारखं आहे असं तिला खरंच वाटत असावं. "झोप जा. म्हातारा उठंल रातीचा, धरावं लागंल."

सकाळी घात केला तो मलप्पानं. म्हणजे दोष त्याचा नाही, तो आपला रोजच्यासारखा सायकलला दुधाचे कॅन लावून रस्त्यानं चालला होता. ओट्यावर कपाळाला तीन पट्टे ओढलेला, गळ्यात करडगी असलेला माणूस दात कोरत बसलेला दिसला म्हणून त्यानं सायकल उभी केली.

"शरणार्थ अप्पा."

"शरणार्थ, शरणार्थ. गाव कोणतं?"

"इथलाच. मलप्पा मनतात. पण अप्पा, तुमी इथं कसे काय बसलात?"

"कसा मंजे? रातच्याला मुक्काम केला. मठात."

मलप्पानं शेषेरावाकडं पाहिलं, मग रांजणाकडं, मग पुन्हा रेवणप्पांकडं. त्याला हसू आवरत नव्हतं आणि ते दाखवायचंही नव्हतं. "कुठला मठ? अप्पा, हे त्यांचं हाय."

"कुणाचं?"

"त्यांचं. निळ्यांचं. विहार मनतात ते. आत फोटो न्हाई का बघितलात कोटातला?"

रेवणप्पांच्या हातातली काडी खाली पडली.

"पाणी पिलात काय?" मलप्पा आवाज खाली आणून म्हणाला. "काय हुतंय अप्पा. उन्हाळ्यात मी बी पितो इथं, कुणी बघत नसलं की. बाई चांगली हाय. कुणाला सांगायचं न्हाई बस. तुमी बी सांगू नका, मी बी सांगत न्हाई." आणि तो पायडल मारून निघून गेला. त्याची शीळ बराच वेळ ऐकू येत होती. चोरून प्यायलेलं पाणी त्याला चांगलं पचलेलं दिसत होतं.

रेवणप्पा उठले. भिंतीला धरत ओट्याखाली उतरले आणि तोंडात बोटं घातली. जाड बोटं, घशापर्यंत. ओ ओ करत राहिले. पायरीशीच. पिवळं पाणी आलं, लाळ आली, तार धरून लोंबली. भाकर आली नाही. ती रात्रीच त्यांच्या अंगाला लागली होती, रक्तात गेली होती. आता ती काढायला कुणाचं बोट पोचणार होतं?

साखराबाई आतून आली. तिनं पाहिलं, खापरातून माती आणली आणि त्या घाणीवर टाकली. काही विचारलं नाही.

"तुला माहीत व्हतं?" रेवणप्पा शेषेरावाला म्हणाले. आवाजात राग नव्हता, भीती होती. "खरं सांग."

"न्हाई अप्पा. अंधार व्हता. मला बी मठच वाटला."

"शिवा शिवा. लिंगावर वतलं ते पाणी. तीर्थ घेतलं मी." त्यांनी करडगी मुठीत धरली आणि ती चावणार असावी तशी अंगापासून लांब नेली. "माझी पिशवी आण. तांब्या काढ त्यातला, आपला. आंघोळ घाल मला."

"पाणी कुठं हाय इथं अप्पा?"

"रांजणात हाय की."

शेषेरावाला आधी कळलंच नाही. "ते तर त्यांचंच..."

"पाण्याला इटाळ नसतो. टँकरचं पाणी ते, सरकारचं. इटाळ भांड्याला असतो. तांब्या आपला हाय ना? मंग झालं. काढ."

माणूस किती हुशार असतो बघा. तहान लागली तेव्हा पाणी गोड होतं. मठ विहार झाला तेव्हा ते विष झालं. आणि अंग धुवायचं म्हटल्यावर तेच पाणी गंगा. यासाठी शाळा लागत नाही, हे आईच्या दुधातून येतं.

"डाक्टरनं डोक्यावरून नको सांगितलंय."

"डोळा जाईना का," रेवणप्पा म्हणाले.

त्यांनी सदरा काढला. ओट्याच्या कडेच्या फरशीवर उघडे बसले. लोंबलेली छाती, पोटाच्या वळ्या, पाठीवर पांढऱ्या केसांचे पुंजके. शेषेरावानं रांजणाचं झाकण काढलं. साखराबाई चौकटीला धरून उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पहिला तांब्या भरला आणि अप्पांच्या खांद्यावर ओतला.

"डोक्यावर," अप्पा म्हणाले.

मग त्यानं एका हाताचा तळवा त्यांच्या हिरव्या पट्टीवर ठेवला, डोळ्यात पाणी जाऊ नये असा घट्ट, आणि दुसऱ्या हातानं डोक्यावर ओतलं. "शिवा शिवा," अप्पा म्हणाले. पुन्हा ओतलं. "शिवा." त्याच्या तळव्याखाली अप्पांचा डोळा फडफडत होता. पाणी फरशीवरून उतरलं, धुळीत एक काळी वाट काढत गेलं आणि चार पावलांवर जिरलं. ओट्याशी वस्तीतलं एक लेकरू येऊन उभं राहिलं होतं. ते त्या ओल्या वाटेवर जाऊन बसलं आणि तिच्यावर हात फिरवू लागलं.

"अप्पा," साखराबाई म्हणाली, "बाया येतील आता खडीवरून. तेवढं ठिवा."

"टँकर येतो की तुमचा," अप्पा डोळा न उघडता म्हणाले. "सरकार हाय तुमचं."

त्यांनी करडगी धुतली, लिंग धुतलं, जानवं नसलेल्या गळ्यातला दोरा धुतला, कवळी काढून धुतली. कवळी धुतलेलं पाणी तांब्यातून फेकलं. शेषेराव रांजणाकडं जात होता आणि परत येत होता. आता हात कोपरापर्यंत आत जात होता.

शेवटी अप्पा उठले, पंचा गुंडाळला आणि सुस्कारा सोडला. तोंडावर रंग परत आला होता. "आता तू."

"मी?"

"तुला बी झालंच की. तू बी खाल्लंस, पिलास. न्हा पटकन, गाडी यील."

"मी घरी जाऊन न्हातो अप्पा."

"घरी? मंजे तसाच माझ्या दारात शिरनार? आडाला हात लावनार?" रेवणप्पांनी ओला, लाल उघडा डोळा त्याच्याकडं वळवला. त्या डोळ्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो शोधत होता. "न्हातोस का न्हाई? का तुला चालतं त्यांचं?"

शेषेरावानं साखराबाईकडं पाहिलं. त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं. एक वाक्य पुरे होतं. "त्याला काय करायची आंघोळ, त्यो आमचाच हाय," एवढं म्हटलं असतं तर उरलेलं पाणी वाचलं असतं. तिच्या बायांचं पाणी होतं ते, ज्यांनी सहा दिवस खडी फोडली होती. तिला म्हणायचा हक्क होता आणि ती घाबरणारी बाई नव्हती. शेषेराव वाट बघत राहिला. खरं तर तिनं म्हणावंच, असं त्याला वाटत होतं. आपल्याला जे तोंड नाही ते तिचं वापरावं.

साखराबाईनं तोंड मिटलं. कमरेला हात लावून ती आत गेली आणि आपलं एक जुनं धुतलेलं लुगडं घेऊन आली. ते ओट्यावर ठेवलं.

"न्हा लेकरा," ती म्हणाली.

त्यानं शर्टाची बटणं काढली. बनियन काढला. रांजणात वाकला तेव्हा खांदा काठाला लागला आणि तांब्या तळाशी खरवडला. अर्धा तांब्या गढूळ पाणी यायचं. तो ते अंगावर घ्यायचा आणि पुन्हा वाकायचा. सगळ्यांत किळसवाणी गोष्ट ही, की ते पाणी बरं वाटलं. थंड होतं. आठ दिवसांचा दवाखान्याचा वास उतरत होता. कातडीला काय ठाऊक कुणाच्या वाट्याचं आहे? कातडी निर्लज्जासारखी पीत होती. आणि त्याच्या तोंडून निघालं, अप्पांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "शिवा शिवा."

"हां," अप्पा म्हणाले. "असं."

लुगड्यानं अंग पुसून त्यानं ते घडी करून ठेवलं. साखराबाई रिकाम्या रांजणावर झाकण घालत होती. सरळ बसत नव्हतं, ती ते फिरवून फिरवून बसवत होती.

"माय," तो हळू म्हणाला.

"जा," ती झाकणाकडंच बघत म्हणाली. "बायकूला जड उचलू दिऊ नको म्हनावं. गाडी आली बग."

गाडी आलीच होती. कंडक्टर हात करत होता. शेषेरावानं अप्पांना दंडाला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. तेवढ्यात पलीकडच्या पायवाटेनं बायांचा घोळका रस्ता ओलांडू लागला. डोक्यावर पाट्या, पाट्यांत हातोडे, केस आणि भुवया खडीच्या भुकटीनं पांढऱ्या. तरण्या बायाही म्हाताऱ्या दिसत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तशा त्या बाजूला सरल्या. एक जण तिथूनच विहाराकडं ओरडली, "साखरामाय, आलो गं. काढ पानी."

गाडी सुरू झाली.

अहमदपूरपर्यंत अप्पा बोलत होते. झालेलं कुणाला सांगायचं नाही, घरी महादेवीलासुद्धा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग त्याच्या मांडीवर थाप मारली. "तू हायस म्हणून निभावलं. दुसरा असता तर तसाच आला असता आन् घर बाटवलं असतं. तू आता खोली सोडायचं नाव काढायचं न्हाई. बायकोचं बाळंतपण आपल्याच घरात हुईल. महादेवी करंल सगळं. पोराचं नाव मी ठेवनार. कबूल?"

"कबूल अप्पा," शेषेराव म्हणाला.

थोड्या वेळानं अप्पांना डुलकी लागली. आंघोळीनं माणसाला झोप येतेच. त्यांचं ओलं डोकं घरंगळत आलं आणि शेषेरावाच्या खांद्यावर टेकलं. शर्टातून पाणी आत उतरलं. तोंड उघडं पडलं होतं, लाळ कॉलरवर येत होती. पुढं रस्ता उखडलेला होता, एका जागी गाडी जोरात उसळली. शेषेरावानं हात वर केला, अप्पांचं डोकं हलू नये असा त्यांच्या कपाळाला लावला, आणि लातूर येईपर्यंत तसाच धरून बसला.